आधी मुद्दा, मग हवा

लेरे गावात सोलांज तुर्नोला उद्धट समजणारे लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडे पुरावेही आहेत. शेजारणीचा नवरा शिडीवरून पडला तेव्हा सोलांज तिच्या दारात उभी राहून म्हणाली होती, "तुझा नवरा सफरचंदाखाली पडलाय. पाय मोडलाय, जीभ शाबूत आहे, तुलाच शिव्या देतोय. बोंझूर." बेकरीत ती आधी पाव मागते आणि नमस्काराचं बोंझूर म्हणते ते दार ओढून घेताना. बेकरीवाली उत्तराला तोंड उघडते तोवर सोलांज रस्त्यापलीकडे पोचलेली असते.

पण हा उद्धटपणा नव्हे. हे घराण्याचं वळण आहे.

सोलांज माहेरची कोसार. कोसार म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मालाच्या बार्जवर, म्हणजे कालव्यातून माल नेणाऱ्या लांबलचक सपाट बोटीवर, जन्मलेली माणसं. जमिनीचा उपयोग दोर बांधायला होतो, एवढीच त्यांची जमिनीबद्दलची माहिती. भरलेली बार्ज माणसाच्या चालीनं जाते, पण कोणासाठी थांबत नाही. समोरून नातलगांची बार्ज आली की दोन्ही बार्जा अंगाला अंग लागेल इतक्या जवळून सरकतात, आणि काय बोलायचं ते तेवढ्यात बोलून घ्यायचं असतं. तिथं "काय म्हणता, बरं आहे ना, यंदा थंडी लवकर पडली" असलं काही सुरू केलं, तर मुद्द्यावर येईपर्यंत समोरच्याची पाठ दिसते. म्हणून आधी मुद्दा. वेळ उरला तर बोंझूर. आणि हवेबद्दल बोलायचं ते जमिनीवरच्या लोकांनी. पाण्यावरच्या माणसाच्या ती डोक्यावरच असते, तिची आठवण कशाला करून द्यायला हवी?

सोलांजच्या आत्याला एका वसंतात समोरच्या बार्जवरून कोणी विचारलं होतं, "मुलगा की मुलगी?" ती सांगणार तोच बार्जा सुटल्या. पानगळीत पुन्हा गाठ पडली तेव्हा आत्या सुकाणूवरून म्हणाली, "मुलगी. आता दुसऱ्याची वाट बघतोय." मधे काही महिने गेले म्हणजे बोलण्यात खंड पडला, असं दोघींनाही वाटलं नाही. जन्म, मरणं, लग्नं, वाटण्या, सगळं कोसारांनी असंच उरकलं. टेबलाशी बसून ठरवलेली एकही गोष्ट त्यांच्यात टिकलेली नाही, कारण टेबलाशी माणसाला विचार करायला वेळ मिळतो.

असल्या घराण्याला जावई मिळाला तो पोस्टमन.

बाझील तुर्नो सायकलवरून टपाल वाटायचा. पोस्टमनचं अर्धं आयुष्य हवेवर चालतं, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य हवेपासून सुरू व्हायचं. कालव्यावरच्या, बोटी वरखाली करणाऱ्या पाणदरवाज्यांत बार्जवाल्यांची पत्रं पोचवता पोचवता त्याची नजर कोसारांच्या मुलीवर गेली. एका सकाळी तो काठच्या वाटेनं त्यांच्या बार्जच्या बरोबरीनं सायकल हाकू लागला. "काय सुरेख ऊन पडलंय," इथून त्यानं आरंभ केला. ऊन संपलं तेव्हा वारा घेतला. वाऱ्यानंतर यंदाच्या चेरी. तीन गावांची पत्रं पिशवीत तशीच होती आणि बाझील अजून चेरींतच होता. अखेर धीर एकवटून त्यानं मुद्द्याला हात घातला, "मादमोआझेल सोलांज, मला असं विचारायचं होतं की," आणि सायकलीसकट कालव्यात गेला.

सोलांजचा थोरला भाऊ गास्पार यानं त्याला बोटीच्या लांब आकडीनं कॉलर धरून वर ओढलं. "पोस्टमन," तो म्हणाला, "पत्रं भिजली."

सुकाणूवरून सोलांज म्हणाली, "हो. मला चालेल. आधी सायकल बाहेर काढ."

बाझीलनं प्रश्न विचारलाच नव्हता हे त्यानं पुढं अनेक वर्षं तिच्या लक्षात आणून दिलं. ती म्हणायची, "तू विचारेपर्यंत थांबले असते तर अजून कुमारी असते."

ती लग्न करून काठावर उतरली तेव्हा गास्पार एवढंच म्हणाला, "उतरलीस. आता आमच्याकडे पाहुणी म्हणून ये." त्यात राग नव्हता, त्याच्या लेखी वस्तुस्थितीच तशी होती. बहिणीनं पलंगावरून पाणी दिसेल असंच घर हवं म्हणून हट्ट धरला आणि पोस्टमननं ते लेरेत शोधून काढलं, तरी गास्पार त्या घरात कधी एक रात्र राहिला नाही. जेवायला यायचा तो खिडकीशी उभ्यानं जेवायचा, बार्ज दिसायला हवी म्हणून. आणि मेव्हण्याला तो पहिल्या दिवसापासून 'पोस्टमन'च म्हणत आला होता. नावानं एकदाही नाही.

आता इतकी वर्षं गेल्यावर, दोघांचे केस पांढरे झाल्यावर, तुर्नो नवराबायको उन्हाळ्यात बोटीतून फिरायला निघाले होते. बोट जुनी, पोलादी, बुटकी. आधीच्या मालकानं तिच्यावर 'गोगलगाय' असं नाव रंगवून ठेवलं होतं आणि ते बदलावं असं कुणालाही वाटू नये असाच तिचा वेग होता. सोलांज सुकाणूवर, बाझील पुढच्या टोकाला दोर घेऊन. गावोगाव थांबत, सांसेरच्या टेकडीखाली बकरीच्या दुधाचं चीज आणि पांढरी वाइन चाखत, खरबुजं हुंगत, दुपारी पाणदरवाजेवाले जेवायला गेले की आपणही झाडाखाली जेवत त्यांचं हळूहळू चाललं होतं. बाझीलचा जीव सुखावला होता. आयुष्यभर धावपळ करणारी आपली बायको अखेर आराम करायला शिकली, असं त्यानं घरी एका पोस्टकार्डावर लिहिलंसुद्धा. घरी कोणी नव्हतं, पण पत्र पाठवल्याशिवाय त्याला प्रवास झाल्यासारखा वाटत नसे.

फक्त एक गोष्ट त्याला चमत्कारिक वाटत होती. बायको आराम करायची तोही कोणाला तरी विचारून. त्या भागातले पाणदरवाजे सांभाळत फिरणाऱ्या नादेजबाईंशी ती कुजबुजायची आणि मग एकदम म्हणायची, "आज इथंच राहू. भूछत्रं चांगली आहेत." भूछत्रांचा तो हंगामच नव्हता.

तिसऱ्या सकाळी तिनं उलगडा केला, अर्थात तिच्या पद्धतीनं.

"गास्पारला घरी आणायचंय. कॉफी घे."

गास्पारची बार्ज विकली गेली होती. वरून गव्हाची शेवटची खेप घेऊन तो याच कालव्यानं पॅरिसच्या बाजूला उतरत होता. तो गहू रिकामा केला की किल्ल्या नव्या मालकांच्या हाती. ते बार्जमधे पाहुण्यांसाठी खोल्या काढणार होते, खोलीगणिक न्हाणीघर. "गव्हाला कधी न्हाणीघर लागलं नाही," एवढंच गास्पार त्यावर बोलला होता. मग तो उत्तरेतल्या कुठल्याशा शहरात म्हाताऱ्या बार्जवाल्यांच्या आश्रमात जाणार होता. खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून मोटारी लावायची जागा दिसते.

"नादेजला म्हणाला, तिथं मी छान राहीन," सोलांज म्हणाली. "छान. हा शब्द त्याच्या तोंडून मी जन्मात ऐकलेला नाही. पाणी दिसलं नाही तर नाताळपर्यंतसुद्धा टिकायचा नाही तो."

"मग फोन करून सांग ना त्याला."

"केला. कुठे आहेस विचारलं. नेव्हेरला आहे म्हणाला आणि फोन ठेवला. मुद्दा संपला होता."

"बरं, मग संध्याकाळी जिथं बार्ज बांधेल तिथं गाठू. एखादी बाटली उघडू, निवांत बसू—"

"बसू? बसला की पाइप पेटवील. पाइप विझला की कुत्र्याला फिरवायला नेईल. नाही. मोकळ्या पाण्यावर, समोरासमोर, जाता जाता. तिथून पळता येत नाही."

"आणि नाही म्हणाला तर?"

सोलांजनं कप खाली ठेवला. "तर संपलं. भरलेली बार्ज कालव्यात वळवता येत नाही, बाझील. गास्पारचं नाहीसुद्धा."

म्हणजे आराम वगैरे काही नव्हता. गोगलगाय टपून बसली होती. एरी गावापुढच्या लांबलचक सरळ पट्ट्यातच त्याला गाठायचं, दरवाज्यात नाही, पुलाखाली नाही, असं तिनं ठरवलं होतं आणि त्या हिशेबानं खरबुजं हुंगली जात होती. त्याच पट्ट्यावर ती दोघं भावंडं लहानपणी बार्जच्या पुढं काठानं धावत खाण्याच्या गोगलगायी वेचायची, आणि त्यांची आई भोंगा वाजवायची. एक लांब, दोन आखूड. सूप वाढलंय, घरी या. मैलभर लांबून ऐकू यायचा.

आता प्रश्न राहिला वाक्याचा. एकच वाक्य, तेही पहिल्या फटक्यात बरोबर. सोलांज सुकाणूवर उभी राहून वाक्यं पाडू लागली. "तू एकटा आहेस, आमच्याकडे खोली आहे." छे, यात दया आहे. दयेचा वास आला तर तो तोंडावर खिडकी लावील. "आमच्याकडे राहायला ये." हा तर हुकूम झाला, आणि हुकूम ऐकायची त्याला सवय नाही. "तू आलास तर बरं होईल." हे कोणासाठी बरं?

"मी एक सुचवू?" पुढच्या टोकावरून बाझील म्हणाला. "प्रिय गास्पार, या उन्हाळ्यात हवा एकंदरीत—"

"ते पॉप्लरचं झाड बघ," सोलांज म्हणाली. "तो गास्पार. बोल त्याच्याशी."

बाझील उठून उभा राहिला, टोपी सारखी केली आणि पॉप्लरला उद्देशून बोलू लागला. हवेपर्यंत पोचला तोच पॉप्लर मागं गेला. दुसऱ्या पॉप्लरला त्यानं तब्येत विचारली. एक गाय सगळं ऐकून घेत होती, पण तिलाही काही ठरवता आलं नाही. अखेर वळणावर तो कळवळून म्हणाला, "आमच्याकडे पाण्याकडेची खोली आहे, खरंच या हो," आणि तिथं झाडाआड बसलेला मासे धरणारा एक गृहस्थ म्हणाला, "आभारी आहे, पण बायकोला विचारावं लागेल."

"बघ," सोलांज म्हणाली, "मुद्दा लवकर सांगितला की लोक उत्तर देतात. पण तू बोलायचं नाहीस. मी बोलणार. तू फक्त दोर धर."

हे जरा लागण्यासारखं होतं, कारण दोराचं प्रकरण ताजं होतं. आदल्या सकाळी दोघं कॉफी पीत असताना खिडकीतलं चर्च सरकू लागलं. चर्च सहसा सरकत नाही. बाहेर येऊन पाहतात तो गोगलगाय कालव्याच्या मधोमध, दोरीवर वाळत घातलेले बाझीलचे पायजमे निशाणांसारखे फडफडतायत आणि काठावर अर्धं गाव पाव काखेत धरून उभं. पोस्टमननं बोट बांधली होती ती पार्सलची गाठ मारून. बाझील मात्र खुंटा ढिला होता यावर ठाम होता. त्याच्या गाठीनं बांधलेलं एकही पार्सल कधी सुटलं नव्हतं; आपल्या गाठीबद्दल तो एक शब्द ऐकून घेणार नव्हता. "खुंट्यातच दोष," असं तो दिवसभर अधूनमधून कोणी न विचारता म्हणत होता.

एरीच्या अलीकडच्या दरवाज्यावर नादेजबाई धावत आल्या. "मादाम सोलांज, वरचा दरवाजा सोडला त्यांनी. बार्ज भरलेली आहे, पाण्यात खोल बसलीय, कालव्याच्या मधूनच येणार."

"येऊ दे मधून," सोलांज म्हणाली. "कोसार मधूनच येतात."

सरळ पट्ट्याच्या टोकाला बार्ज दिसली तेव्हा बाझीलनं बायकोकडे वळून पाहिलं. ती ताठ उभी होती. केस तिनं रुमालात बांधले होते, आईच्या जुन्या अंगरख्याची बाही दंडापर्यंत सारली होती. इतकी वर्षं या बाईला त्यानं भाजी निवडताना, पावतीवरून भांडताना, नातवंडं नाहीत म्हणून शेजारच्यांची पोरं रागावताना पाहिलं होतं. पण सुकाणूवर उभी राहिली की ती कोणाची बायको, शेजारीण वगैरे राहतच नसे. ती कोसार असायची, आणि त्याला तिच्याकडे पाहून छाती फुगल्यासारखी व्हायची, जणू काही तिला त्यानंच घडवलं होतं.

बार्ज जवळ आली. भरलेली बार्ज पाणी ढकलत येते; आधी छोट्या बोटीला काठावर फेकते आणि मग स्वतःकडे ओढून घेते. काठाला उथळ गाळ, मधे गव्हाचा डोंगर, आणि दोहोंच्या मधून गोगलगाय न्यायची. सोलांजनं सुकाणू दोन्ही हातांनी धरलं. गव्हावरची झाकणं एकामागून एक बाजूनं सरकू लागली. गास्पारची केबिन अगदी मागच्या टोकाला होती. ती समोर आली, आणि दारात गास्पार दिसला. वडिलांची टोपी. तीच, पण आता ती कानांवर उतरत होती. माणूस टोपीच्या आत आटला होता. तरी उभा कसा, तर कालवा आपल्या बापाचा असल्यासारखा.

सोलांजनं तोंड उघडलं. काही आलं नाही.

जी बाई शिडीवरून पडलेल्याची बातमी एका श्वासात द्यायची, तिचे डोळे वाहत होते, आणि सुकाणू सोडून ते पुसायला हात मोकळा नव्हता. बाझीलनं ते पाहिलं. केबिन आता बरोबर समोर होती, आणि पुढच्या क्षणी नसणार होती.

त्यानं हातातला दोर उंच धरला.

"माझ्या गाठी सुटतात, गास्पार," तो ओरडला. "काल गावादेखत बोट वाहून गेली. खुंट्याचा दोष नव्हता. घरी दोर बांधणारा माणूस हवाय. खालची पाण्याकडेची खोली तुझी."

एवढंच. ना ऊन, ना वारा, ना चेरी.

गास्पारनं त्याच्याकडे पाहिलं. मग दोराकडे. मग, पाण्यावर जन्मलेल्या कोसारांच्या इतिहासात बहुधा पहिल्यांदाच, त्यानं मान वर करून आभाळाकडे पाहिलं.

"वारा पश्चिमेचा दिसतोय, बाझील," तो म्हणाला. आवाज त्याचा नेहमीचा नव्हता. "संध्याकाळी पाऊस धरेल."

आणि गेला. बार्जचं मागचं टोक, त्यावर उभा राहून भुंकणारा कुत्रा, मागं वळत जाणारं पाणी. गोगलगाय एकदा डुलली, सोलांजनं तिला गाळापासून अलगद सोडवलं. काठाला ती लागली नाही.

बाझीलनं उंच धरलेला दोर खाली घेतला.

"पाऊस," शेवटी बाझील हळूच म्हणाला. "म्हणजे नाहीच का गं?"

"गप्प बस."

"मी म्हटलं फक्त—"

"बाझील म्हणाला तो तुला," सोलांज म्हणाली. "गप्प बस आणि ऐक."

काही ऐकू येत नव्हतं. पॉप्लरची पानं, बार्जच्या इंजिनाची लांब जाणारी धडधड. तीही वळणापलीकडे गेली. बाझीलनं दोर उगाच गुंडाळला, पुन्हा सोडला.

मग वळणामागून भोंगा वाजला. एक लांब. थोडं थांबून दोन आखूड.

सोलांजनं बाहीनं तोंड पुसलं. "गहू रिकामा करून येईल," ती म्हणाली. "कुत्रा आपल्या पलंगाखाली झोपणार. आधीच सांगून ठेवते."

पुढच्या पाणदरवाज्यावर बातमी त्यांच्या आधी पोचली होती. कालव्यावर बातमी बोटीपेक्षा जलद जाते, आणि गोगलगायीपेक्षा तर काहीही जलद जातं. नादेजबाईंनी खालून फोन केला होता आणि तिथला दरवाजेवाला हँडल तसंच सोडून काठावर वाट पाहत उभा होता.

"काय म्हणाले मोस्यू गास्पार?" त्यानं विचारलं.

"पाऊस येणार म्हणाला," सोलांजनं सांगितलं.

"बस? आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काही नाही. आमचा पोस्टमन बोलला." ती पुढच्या टोकाकडे हात करून म्हणाली, सगळ्या दरवाज्याला ऐकू जाईल अशा आवाजात. "दोन शब्दांत मुद्द्यावर आला. कोसारांनासुद्धा एवढं जमत नाही." मग आठवण होऊन तिनं जोडलं, "बोंझूर."

बाझीलला ऐकू आलं नाही असं त्यानं दाखवलं, पण त्याची पाठ एकदम सरळ झाली होती. त्यानं उडी मारून काठ गाठला, दोर खुंट्याभोवती फिरवला आणि सवयीनं गाठ मारली. पार्सलची. दरवाजेवाला ती बघून सोडवायला वाकला.

"राहू दे," सोलांज सुकाणूवरून म्हणाली. "तशीच राहू दे. गास्पारला येऊन काहीतरी काम हवं की नको?"

सांसेरच्या टेकडीवर तेवढ्यात ढग आले आणि टपोरे थेंब पडू लागले. बाझीलनं वर पाहिलं, हवेबद्दल काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं.